दुसरी सही

बंगल्याच्या पायरीवर बसून बाबांनी आधी वही काढली आणि मग पायांतले बूट.

"तारीख घाल," ते म्हणाले. "बावीस जानेवारी एकोणनव्वद. दुपारचे साडेतीन. आकाश स्वच्छ, वारा नाही. आता समोर बघ आणि सांग, त्या लव्हाळ्यापलीकडे बदकं किती आहेत?"

माझ्या खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरली नव्हती. नागपूरहून एक एसटी, मध्ये उतरून दुसरी, आणि शेवटचे तीन मैल बैलगाडी. अंग आंबून गेलं होतं.

"असतील पन्नासेक."

"असतील असं लिहिता येत नाही, कुंदा. मोज."

मोजली. त्रेसष्ट भरली. तेवढी लिहून झाली तेव्हा कुठे ते बुटांच्या नाड्यांकडे वळले.

माझे वडील वामनराव टेंभेकर. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्यांनी नकाशे काढले. जे मोजलं तेच कागदावर उतरवायचं ही खात्यातली सवय त्यांनी घरीही आणली होती. भूक लागली का विचारलं तरी हे घड्याळ बघून सांगतात, असं आई म्हणायची. आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. ते सहासष्ट वर्षांचे, मी एकोणतीसची, एका बँकेत कारकून. दोन स्थळं आली आणि गेली होती; त्यानंतर तो विषय आमच्यात निघत नसे.

उमरबांधचा तलाव भंडारा जिल्ह्याच्या पार पूर्वेला, तिन्ही बाजूंनी जंगल आणि चौथ्या बाजूला मातीची लांबलचक पाळ. पाळीच्या टोकाला खात्याचा दोन खोल्यांचा कौलारू बंगला. एकसष्ट साली पाळीची दुरुस्ती निघाली तेव्हा बाबा इथे सात महिने राहिले होते. रोज सकाळी पाळीच्या पाणी सोडायच्या दारांखाली पाणमांजरांचं एक कुटुंब खेळायला यायचं. आई, बाप आणि सात पिल्लं. लहानपणी मला झोपताना याच गोष्टी ऐकायला मिळाल्या. पिल्लं आईच्या पाठीवर कशी चढतात, उताणी होऊन पुढच्या पायांत मासा धरून कशी खातात. शेजारच्या मुलींना राजकन्या माहीत होत्या, मला पाणमांजरं.

निवृत्तीनंतर बाबा नागपूरच्या एका लहानशा निसर्गमंडळात जाऊ लागले. मंडळाने उमरबांधच्या पशुपक्ष्यांची यादी छापायची ठरवली आणि काम साहजिकच बाबांकडे आलं. मागच्या हिवाळ्यात ते एकटेच येऊन गेले आणि पाणमांजर दिसल्याची नोंद त्यांनी मंडळापुढे ठेवली. पंधरा वर्षांत ते कुणालाच दिसलं नव्हतं. मंडळाचे चिटणीस गोसावी यांनी नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. म्हणाले, टेंभेकर, नियम तुम्हीच केलाय. दुर्मीळ नोंदीला दोन साक्षीदार लागतात.

"बरोबर आहे त्यांचं," बाबा घरी येऊन म्हणाले होते. "या वर्षी तू चल माझ्याबरोबर. चार दिवस रजा काढ."

म्हणून मी आले होते, दुसरी साक्षीदार.

बंगल्याची देखभाल सोमाजी नान्हे करायचे. जातीचे ढिवर, तलावावर मासे धरणारे. एकसष्ट साली बाबांच्या हाताखाली मोजणीची साखळी ओढायला होते, तेव्हापासूनची ओळख. बाबांहून दोनचार वर्षांनी लहान, पण चेहरा उन्हाने इतका रापला होता की वय कळत नसे. त्यांच्या बायकोने, कौतिकाबाईंनी, चुलीवर भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण शिजवून ठेवलं होतं.

"यंदा पाखरू चांगलं उतरलं जी साहेब," सोमाजी वाढता वाढता म्हणाले.

"आणि ऊद?" बाबांनी विचारलं. तिकडे पाणमांजराला ऊद म्हणतात.

सोमाजींनी वरणाचं भांडं खाली ठेवलं. "पाहू जी," म्हणाले. "सकाळी डोंगा काढतो."

दुसऱ्या दिवशी मात्र धुकं इतकं दाट पडलं की होडी काढण्यात अर्थ नव्हता. ते विरल्यावर आम्ही मागच्या डोंगरीवर चढायला निघालो. सोमाजी पुढे, मध्ये बाबा, मागे मी. वाट सागाच्या पानांनी भरलेली. पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. अस्वलांनी वारुळं उकरून टाकली होती, लाल माती अजून ओली होती. सोमाजी थांबून ऐकायचे, मग हाताने खूण करायचे.

बाबा दोनदा अडखळले. एकदा मुळीला, एकदा चांगल्या मोठ्या दगडाला. मी हात पुढे केला तर म्हणाले, "पुढे बघ. रानात माणसांकडे बघायचं नसतं."

माथ्यावरून खालचं पाणवठ्याचं मैदान दिसायचं. आम्ही खडकाआड तासभर बसलो आणि गवे आले. मी प्रत्यक्ष पाहिलेले ते पहिले गवे. बाबांनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

"तू बघ आणि मला सांग."

"अकरा आहेत. नाही, बारा. एक झाडामागे आहे. एक खूप मोठा, काळाच. बाकीचे तपकिरी."

"पाय?"

"गुडघ्यापासून खाली पांढरे. मोजे घातल्यासारखे."

"वासरं?"

"दोन. एक आईच्या पोटाखाली घुसतंय."

ते डोळे मिटून ऐकत होते. चेहऱ्यावर असं समाधान, की मला वाटलं, माणूस मुलीला शिकवताना किती रमतो. दुर्बीण त्यांनी परत मागितली नाही. लिहिणंही माझ्याकडेच होतं. "तुझं अक्षर बरं आहे," म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे हवा मोकळी होती. सोमाजींनी डोंगा पाण्यात लोटला. पलीकडच्या काठाला पाणी जंगलात शिरून एक कोपरा झाला आहे; मागच्या वर्षीची नोंद तिथलीच. आम्ही कोपऱ्याच्या तोंडाशी बुडालेल्या झाडाच्या फांद्यांना डोंगा अडकवून बसलो. थंडीने बोटं वाकत नव्हती. पाण्यावरून वाफ उठत होती. दोन सारस शेवाळ्यातून चालत गेले, इतके जवळून, की त्यांच्या पायांनी कापलेल्या पाण्याचा आवाज येत होता. एक तास गेला. दुसरा सरत आला.

आणि बाबा ताठ झाले. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला.

"कुंदा. तिथे. तो काय गं?"

मी पाहिलं. कोपऱ्याच्या आत, उजेड आणि सावली जिथे मिळत होती तिथे, पाण्यावर एक रेघ उमटत होती. रेघेच्या टोकाला काहीतरी काळं, मुठीएवढं. ते बुडालं. पुन्हा लांबवर वर आलं. दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत परत बुडालं. ते काय होतं ते मला सांगता आलं नसतं. काळं होतं, ओलं होतं, बुडत होतं, एवढंच.

मी बाबांकडे वळून पाहिलं. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. ओठ किंचित उघडे. त्यांच्या तोंडावर तो भाव मी आई असताना पाहिला होता, नंतर कधीच नाही.

"पाणमांजर आहे, बाबा," मी म्हणाले.

"नीट पाहिलंस?"

"हो."

"डोकं चपटं?"

"हो. चपटं, आणि मिशा दिसल्या."

मिशा मी पदरच्या घातल्या. कुणी विचारल्यासुद्धा नव्हत्या.

बाबांनी श्वास सोडला. मागे सोमाजी वल्हं मांडीवर आडवं धरून बसले होते. ते पाण्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

परतल्यावर बाबांनी वही उघडायला लावली. मी नोंद लिहिली. त्यांनी सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. त्यांच्या सहीखाली मी माझी सही केली. त्या दुपारी ते दोन वाट्या वरण जास्त जेवले आणि उन्हात खुर्ची टाकून झोपी गेले.

मी पाळीवरून चालत खाली उतरले तर सोमाजी जाळं वाळत घालत होते. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "बाई, एक बोलू काय?"

"बोला ना."

"तो ऊद नोता जी. पानकावळा होता. बुडी मारते अन् लांब निघते."

मी जाळ्याची खाली पडलेली कड उचलून धरली.

"तुमालेही मालूम होतं."

"मला ठाऊक नव्हतं काय होतं ते," मी म्हणाले. "पण त्यांना केवढा आनंद झाला, पाहिलंत ना? त्यांना सांगू नका, काका. एका ओळीचा तर प्रश्न आहे."

सोमाजी जाळ्याची एक गाठ सोडवत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उमरबांधात ऊद नाही जी. शेवटचा होता तो मीच मारलो."

मला आधी नीट कळलंच नाही. ते सांगत गेले, सावकाश, जाळ्याशी बोलल्यासारखं. ऊद जाळी फाडायचे. रात्रभर लावलेलं जाळं सकाळी चिंध्या होऊन हाती यायचं. गावातल्या सगळ्यांनी मिळून ते मारले, दोन-तीन वर्षांत. शेवटचा एकच उरला होता. त्याने नवं जाळं फाडलं त्या सकाळी सोमाजींनी त्याला वल्ह्याने मारलं.

"लेकरू आजारी होतं घरी. डोक्यात राग होता. मारल्यावर पाह्यलो त मादी होती. म्हातारी. दात झिजले होते." ते थांबले. "साहेब दर खेपेले विचारते, ऊद हाय काय. अन् मी म्हणतो, पाहू जी. पंधरा वर्सं झाली. सांगतलो नाही."

"का?"

"आता तुमी काऊन नाही सांगतलं?"

ते जाळ्याचं दुसरं टोक धरून पुढे गेले. मी तिथेच उभी राहिले. खरं तर त्याच क्षणी मला बाबांना उठवायचं होतं, पण पाय वळेनात. सोमाजींच्या प्रश्नाला माझ्याकडे एकाहून जास्त उत्तरं होती, आणि त्यातलं एक माझ्या पिशवीत तळाशी होतं. त्याबद्दल पुढे सांगते.

संध्याकाळी बाबा पायरीवर बसले होते. सूर्य जंगलात उतरत होता आणि बदकं उठून शेतांकडे निघाली होती.

"बाबा," मी म्हणाले, "ती नोंद खोडा."

ते वळले.

"मला काही दिसलं नव्हतं. काळं काहीतरी दिसलं, बस. तुम्हाला पाणमांजर दिसलं असं वाटलं म्हणून मी हो म्हणाले."

"मला दिसलं?" ते म्हणाले. "मी तुला विचारलं होतं."

"ते तुम्ही उगीच..."

"उगीच नाही. तो काय गं, असं विचारलं. काही हललं एवढंच कळलं; काय ते मला दिसत नव्हतं म्हणून विचारलं."

मला अजूनही उमगेना. मग त्यांनी समोरच्या खांबाकडे बोट केलं.

"त्या खांबाकडे मी सरळ पाहिलं की खांब जातो. कडेचा कठडा दिसतो, त्यावरचा टॉवेल दिसतो. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जातं. मागच्या दिवाळीत डॉक्टरांकडे गेलो होतो. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आहेत. वाढणार म्हणाले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू काळजी करशील म्हणून."

बदकं, बुटांआधीची वही, माथ्यावर माझ्या हातात दिलेली दुर्बीण, माझं बरं अक्षर. सगळं एकेक करून माझ्यासमोर येऊन बसलं.

"मागच्या वर्षीही मला खात्री नव्हती," ते म्हणाले. "गोसावींनी प्रश्नचिन्ह टाकलं तेव्हा बरंच वाटलं मला. म्हटलं, कुंदाला नेतो. तिचे डोळे चांगले आहेत. तिला दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "माझ्या वहीत आजवर खोटी ओळ नव्हती, कुंदा. आज माझ्या सहीने एक गेली. तू म्हणालीस म्हणून."

मी वही आणून दिली. त्यांनी माझ्याकडूनच ओळ शोधून घेतली, बोट तिच्यावर ठेवलं आणि पट्टी मागितली. पट्टी लावून सरळ रेघ मारली. शेजारी मला लिहायला लावलं: 'ओळख चुकली.' आणि पुन्हा दोघांच्या सह्या.

"मग होतं काय ते?" त्यांनी विचारलं.

"सोमाजीकाका म्हणाले, पाणकावळा."

"सोमाजीने पाहिलं? मग तो बोलला का नाही?"

"ते त्यांनाच विचारा," मी म्हणाले. माझं होतं ते मी सांगितलं होतं; त्यांचं सांगायचा हक्क मला नव्हता.

सकाळी बैलगाडी यायला तासभर होता. कौतिकाबाईंनी चहा ठेवला होता. बाबांनी सोमाजींना समोर बोलावलं. सोमाजी खुर्चीवर बसेनात, तेव्हा बाबाच खाली पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

"सोमाजी, इथे ऊद आहेत की नाहीत?"

सोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, काही सुचवलं नाही. मग त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून जास्त. ती मादी मरताना कशी ओरडली, तेही. "मानसावानी ओरडली जी," म्हणाले.

बाबा पाण्याकडे तोंड करून ऐकत होते. संपल्यावर ते इतका वेळ बसून राहिले, की कौतिकाबाई दारातून डोकावून पुन्हा आत गेल्या. मला वाटलं आता ते उठतील आणि एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसतील. सोमाजींनाही तेच वाटलं असावं. त्यांचे हात मुंडाशाच्या पदराशी चाळा करत होते.

"कोणतं साल?" बाबांनी विचारलं.

"जी?"

"साल सांग. नुसतं ऐकायचं नाही, लिहायचंय."

"आमचा धाकटा झाला ते साल. चौऱ्याहत्तर. होळीच्या आधी."

"जागा?"

"कोपऱ्याच्या तोंडाशी. आपण काल बसलो होतो तेथीच."

"लांबी किती होती?"

सोमाजींनी दोन्ही हात पसरले. बाबांनी ते हात तसेच हवेत धरून ठेवायला लावले आणि मला पट्टीने अंतर मोजायला सांगितलं. तीन फूट दहा इंच. शेपटीसकट. मग पोटाचा रंग, दात, पंजाची कातडी. सोमाजींना सगळं आठवत होतं. सुरुवातीला त्यांचा आवाज कापत होता, नंतर कापायचा थांबला. मध्येच त्यांनी काडी घेऊन मातीत पंजा काढून दाखवला आणि बाबांनी त्यावर बोटं फिरवून तो पाहिला.

"लिही, कुंदा," बाबा म्हणाले. "उमरबांधातलं शेवटचं पाणमांजर. आणि साक्षीदार म्हणून नाव, सोमाजी नान्हे."

"नाव नोको जी साहेब," सोमाजी म्हणाले. "लोकं काय म्हनतीन."

"तू पाहिलंस. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. तुझं नाव नसेल तर ओळच जाईल." मग जरा थांबून, "तुझी इच्छा नसेल तर नाही लिहीत."

बैलगाडी पाळीवर चढल्याचा आवाज आला. सोमाजींनी हात पुढे केला. पेन घेऊन, दुसरीपर्यंत शाळेत गेलेल्या माणसाच्या मोठ्या, वेगळ्या वेगळ्या अक्षरांत त्यांनी नाव काढलं. मंडळाची यादी छापून आली तेव्हा त्यात ते तसंच होतं.

एसटीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. साकोली मागे पडल्यावर मी पिशवीतून पाकीट काढलं.

"बाबा, मला बढती मिळाली आहे. अधिकारी म्हणून. पुण्याला. महिना झाला पत्र येऊन. पंधरा फेब्रुवारीपर्यंत रुजू व्हायचंय, नाहीतर बढती रद्द होते. मी तुम्हाला सांगितलं होतं की बढतीच्या यादीत माझं नाव नाही म्हणून."

"का?"

"तुम्ही एकटे पडाल म्हणून."

त्यांनी पाकीट घेतलं. वाचता येणार नव्हतं, तरी उघडलं, कागदावरून हात फिरवला.

"मला एकट्याला राहता येईल की नाही," ते म्हणाले, "हे तुला कसं ठाऊक? विचारायचं होतंस."

"आता विचारते. येईल?"

बाहेर भाताची रिकामी शेतं मागे जात होती.

"स्वयंपाक येईल. बाजार येईल. रस्ता ओलांडायला कुणीतरी लागेल, ते शेजारचे करतील. वाचन गेलंच आहे; तुझी पत्रंही तेच वाचून दाखवतील." ते मनात मोजत होते. "तीन वर्षं जमेल. चार कदाचित. जमेनासं झालं की तसं लिहीन. पण तोवर मी बरा आहे असं लिहिलं, तर ते खरं धरायचं. रजा काढून धावत यायचं नाही."

"आणि मीही खरंच लिहीन."

"ते बघू," ते म्हणाले. पहिल्यांदा थोडंसं हसले.

मी पुण्याला गेले. दर पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड यायचं. अक्षर महिन्यागणिक मोठं होत गेलं. शेवटी शेवटी एका कार्डावर चार ओळी मावायच्या. 'पडलो. गुडघा खरचटला. विशेष नाही.' मी गेले नाही. विशेष नव्हतंच. 'आज रडू आलं. कारण सापडलं नाही. आता ठीक.' ते कार्ड हातात घेऊन मी ऑफिसात दिवसभर बसून होते, तरी गेले नाही. मीही लिहायचे. वरिष्ठांशी भांडण झालं ते, विनायक भेटला ते, त्याचं आधी एक लग्न मोडलं होतं तेही. बाबांनी उलट विचारलं, 'माणूस खरं बोलतो का?' बोलतो, असं मी लिहिलं. लग्नाला ते सोमाजींचा हात धरून आले.

त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये एक कार्ड आलं. अक्षरं ओळ सोडून तिरकी गेली होती, एक शब्द दुसऱ्यावर चढला होता. मजकूर एवढाच:

'आता एकट्याने जमत नाही. ये.'

मी बदलीचा अर्ज टाकला, विनायकला फोन केला आणि स्टेशनवर गेले. फोन करून त्यांना खरंच का, असं मी विचारलं नाही.